उंदराच्या कोलायटिसवर औषध तपासायचं तर: पिंजऱ्यापासून स्लाइडपर्यंत

सहाव्या दिवशी सकाळी पिंजऱ्याचं झाकण उचललं की आधी वास येतो. मग भुशाला चिकटलेले ओले, तपकिरी डाग दिसतात, आणि कोपऱ्यात पाठ गोल करून, केस पिंजारून बसलेला उंदीर. त्याला तळहातावर घ्यावं तर गेल्या आठवड्यात २२ ग्रॅमचा असलेला जीव १९ भरतो. शेपटीच्या मुळाशी रक्त सुकलेलं असतं. शेजारच्या पिंजऱ्यातला, तुमचं औषध मिळालेला उंदीर मात्र २१ ग्रॅमवर टिकून आहे आणि नाक वर करून हुंगतो आहे. मन लगेच म्हणतं, औषध लागू पडलं.

तिथेच थांबायचं आणि विचारायचं: हा उंदीर आणखी कशामुळे बरा दिसत असेल? आतड्यात दाह पेटवणारं रसायन घातलेलं पाणी कमी प्याला म्हणून? मुळातच धडधाकट होता म्हणून? त्याच्या पिंजऱ्यातले जिवाणू वेगळे होते म्हणून? की औषध मिळालंय हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याची लेंडी जरा सौम्य नजरेने पाहिली? खाली जी पद्धत लिहिली आहे, तिची प्रत्येक पायरी म्हणजे यांपैकी एकेक पळवाट बंद करणं आहे. एम.फार्म. किंवा पीएच.डी.साठी पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

आधी आजार समजून घ्या

कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह. इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आयबीडी, या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो, मोठ्या आतड्यात वर सलग पसरत जातो आणि बहुतेक आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मध्ये निरोगी पट्टे सोडत जातो आणि आतड्याच्या भिंतीचे सगळे थर पोखरतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ साली त्याचं वर्णन केलं. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हा निराळा विकार. त्यात आतड्याला जखमा होत नाहीत. सिनॉप्सिसमध्ये या दोघांची गल्लत झालेली मी पाहिली आहे आणि तिथूनच पुढचं सगळं घसरतं.

उंदराला यांपैकी कुठलाही आजार जसाच्या तसा होत नाही. आपण त्याच्या आतड्यात दाह निर्माण करतो आणि त्या दाहाचा एखादा धागा माणसाच्या आजाराशी जुळतो. कुठला धागा जुळतो, हे पाहूनच मॉडेल निवडायचं.

पायरी १: औषध काय करतं ते पाहून मॉडेल निवडा

आपल्याकडे बहुतेक जण डीएसएस घेतात, म्हणजे डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम. ते पाण्यात विरघळवून पाजलं की मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दुखावतात, भिंतीची राखण ढिली पडते, आतले जिवाणू खालच्या थरांपर्यंत पोचतात आणि दाह पेटतो. ओकायासू आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उंदरांत हे दाखवलं. सोपं आहे, स्वस्त आहे, आठवडाभरात निकाल देतं. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशी नसलेल्या स्किड उंदरांनाही डीएसएसने कोलायटिस होतो. म्हणजे हा तीव्र दाह पेटायला त्या पेशींची गरजच नाही. तुमचं औषध टी पेशींना आवर घालणारं असेल, तर या मॉडेलमधला निकाल, चांगला असो वा वाईट, त्याबद्दल फार काही सांगत नाही. अस्तर सांधणारं, श्लेष्मा वाढवणारं किंवा न्यूट्रोफिल (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) रोखणारं औषध असेल, तर डीएसएस योग्य.

टी पेशींचा सहभाग हवा असेल तर टीएनबीएस. हे रसायन इथेनॉलमध्ये मिसळून, भूल दिलेल्या प्राण्याच्या गुदद्वारातून बारीक नळीने आत सोडतात. इथेनॉल अस्तर उघडं पाडतं, टीएनबीएस तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीर त्या प्रथिनांना परकं समजून हल्ला करतं. मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये रॅट्समध्ये हे मांडलं. उंदरांत एसजेएल/जे आणि बाल्ब/सी जाती याला लवकर बळी पडतात, सी५७बीएल/६ बराच तग धरते. जात न पाहता मॉडेल उचललं तर दाहच होत नाही आणि महिना वाया जातो.

खरा दीर्घकालीन, टी पेशींनी चालवलेला आजार हवा असेल तर पेशी-प्रत्यारोपणाचं मॉडेल किंवा दाह शमवणारं आयएल-१० जनुक काढून टाकलेले उंदीर आहेत. दोन्ही १९९३ च्या सुमारास पुढे आली. दोन्हींना वेळ, पैसा आणि स्वच्छ अ‍ॅनिमल हाउस लागतं. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं मॉडेल आपल्याकडच्या थिसिसांत फार दिसतं, कारण ते दोन दिवसांत आटोपतं. माझं मत स्पष्ट आहे: ती रासायनिक भाजल्याची जखम आहे. तिच्यावर चाललेलं औषध जखम भरतं एवढंच म्हणता येईल. एकट्या त्या मॉडेलवर ‘आयबीडीवर उपयुक्त’ असं लिहू नये.

मॉडेलची निवड किती निर्णायक ठरते याची दोन उदाहरणं. आयएल-१७ हा दाह वाढवणारा संदेशरेणू, म्हणून तो अडवला की कोलायटिस कमी होईल असं वाटत होतं. टीएनबीएस मॉडेलमध्ये आयएल-१७ चा ग्राही रेणू (रिसेप्टर) नसलेले उंदीर खरोखरच बचावले. पण डीएसएसमध्ये आयएल-१७ निष्प्रभ केल्यावर दाह उलट वाढला होता. पुढे क्रोन्सच्या रुग्णांवर आयएल-१७ अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबची चाचणी झाली आणि २०१२ मध्ये जाहीर झालेल्या निकालात औषधाने फायदा तर दाखवला नाहीच, उलट त्रास जास्त दिसला. अस्तराची डागडुजी करण्यातही आयएल-१७ चा वाटा असतो, हे डीएसएसच्या उंदरांनी आधीच सांगितलं होतं.

दुसरं उदाहरण आनंदाचं. कोलंबियाच्या जंगलातलं कॉटन-टॉप टॅमरिन नावाचं चिमुकलं माकड पिंजऱ्यात ठेवलं की त्याला आपोआप कोलायटिस होतो. आतड्याकडे जाणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचा अल्फा-४-बीटा-७ नावाचा रेणू अडवणारं प्रतिपिंड १९९६ साली या आजारी माकडांना दिलं गेलं आणि त्यांचे जुलाब झपाट्याने थांबले. त्याच वाटेने पुढे आलेलं व्हेडोलिझुमॅब २०१४ मध्ये मान्य झालं. तिथे आजार कोणी लादलेला नव्हता आणि औषध आजार जडल्यानंतर दिलं होतं. या दुसऱ्या मुद्द्याकडे पुन्हा यायचं आहे.

आणखी एक सापळा: औषधाचं लक्ष्य उंदरात आहे का? आयबीडीवरचं इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिपिंड माणसाच्या टीएनएफला, म्हणजे दाह वाढवणाऱ्या एका संदेशरेणूला, चिकटतं, उंदराच्या नाही. तरीही साध्या उंदरांत ते तुलनेचं औषध म्हणून वापरलेलं आढळतं. टीएनएफ अडवायचा असेल तर उंदराच्या टीएनएफवर काम करणारं प्रतिपिंडच घ्यायला हवं.

पायरी २: परवानगी आणि प्राण्याचा शेवट कुठे, हे आधी ठरवा

भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगविषयक नियम लागू आहेत. देखरेख सीसीएसईए ही केंद्र सरकारची समिती करते. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे, म्हणजे आयएईसीपुढे, फॉर्म बी भरून जावं लागतं आणि मंजुरीचा क्रमांक हाती आल्याशिवाय एकही उंदीर मागवायचा नाही. समितीत बाहेरचे नामनिर्देशित सदस्य असतात, पशुवैद्य असतो, समाजातून आलेली व्यक्तीही असते. तेव्हा फॉर्ममधला हेतू असा लिहा की विज्ञान न शिकलेल्या माणसालाही कळेल, की हे उंदीर कशासाठी लागणार आहेत.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं समिती तपासतेच: पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, संख्या कमीत कमी ठेवा, यातना कमीत कमी ठेवा. पर्याय आता खरोखर आहेत. मार्च २०२३ मध्ये आपल्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांशिवायच्या चाचणीपद्धतींना जागा मिळाली. पेशींवर किंवा आतड्याच्या ऑर्गनॉइडवर (प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या चिमुकल्या प्रतिकृतीवर) औषध आधी तपासा. तिथेच विषारी ठरलं तर चाळीस जीव वाचतात.

मंजुरीच्या कागदावर एक ओळ ठळक हवी: मूळ वजनाच्या २० टक्के घट झाली, किंवा उंदीर ढोसलं तरी हलेना, अंग थंड पडलं, तर त्याच दिवशी त्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा. ‘आणखी एक दिवस बघू’ हा मोह त्या क्षणी होतो, म्हणून निर्णय आधीच लिहून ठेवायचा. वेदनाशामकांचं पशुवैद्यांशी बोलून ठरवा. आयब्युप्रोफेनच्या कुळातली औषधं स्वतःच आतड्याचा दाह बदलतात, ती इथे चालत नाहीत. डीएसएस बंद झाल्यावर पिंजऱ्याच्या तळाशी भिजवलेलं खाद्य ठेवा. अशक्त उंदराला वर उचकून खाता येत नाही. ठेवाल तर सगळ्या गटांना ठेवा.

पायरी ३: किती उंदीर, कुठल्या पिंजऱ्यात

‘प्रत्येक गटात सहा’ ही प्रथा आहे, हिशोब नाही. हिशोब असा. दोन गटांची तुलना, ८० टक्के क्षमता (खरा फरक असला तर तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के चुकीची मुभा धरली, तर प्रत्येक गटात लागणारे उंदीर म्हणजे १६ गुणिले प्रमाण विचलनाचा वर्ग, भागिले तुम्हाला पकडायच्या फरकाचा वर्ग. समजा तुमच्या पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, आतड्याच्या लांबीचं प्रमाण विचलन ०.६ सेंटिमीटर आलं आणि १ सेंटिमीटरचा फरक पकडायचा आहे: १६ × ०.३६ = ५.७६, म्हणजे सहा. फरक ०.७ सेंटिमीटरचाच अपेक्षित असेल तर आकडा बारावर जातो. मृत्यू होतील हे धरून वर एक-दोन जास्त मागा.

आता पिंजरा. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे आतड्यातले जिवाणू सारखे होत जातात, आणि डीएसएसचा दाह या जिवाणूंवर फार अवलंबून असतो. औषधाचा गट एका पिंजऱ्यात आणि नुसत्या द्रावणाचा (ज्यात औषध कालवतात, पण औषध नसलेल्या द्रावणाचा) गट दुसऱ्यात ठेवला, तर तुम्ही दोन औषधांची तुलना करताय की दोन पिंजऱ्यांची, हे कधीच कळणार नाही. उलट सगळे मिसळून एकत्र ठेवले तर लेंडीतून औषधाचा अंश दुसऱ्याच्या पोटात जाऊ शकतो. मला पटलेला मार्ग असा: उंदीर आल्यावर दोन आठवडे रुळू द्या. त्या काळात सगळ्या पिंजऱ्यांतला वापरलेला भुसा एकत्र कालवून पुन्हा वाटा, म्हणजे जिवाणू सारखे होतील. मग वजनानुसार जोड्या लावून, चिठ्ठ्या टाकून गट पाडा आणि प्रत्येक गट किमान तीन-चार पिंजऱ्यांत पसरवा. घोडीवरची जागाही चिठ्ठीनेच ठरवा. वरच्या फळीवर उजेड जास्त असतो.

गट साधारण असे: निरोगी, निरोगी अधिक औषधाची मोठी मात्रा, डीएसएस अधिक नुसतं द्रावण, डीएसएस अधिक औषधाच्या दोन किंवा तीन मात्रा, डीएसएस अधिक माहितीतलं औषध. दुसरा गट वाचवण्याचा मोह टाळा. औषधानेच वजन घटत असेल तर ते त्याच गटात दिसतं.

पायरी ४: डीएसएसचं पाणी

रेण्वीय वजन ३६,००० ते ५०,००० असलेलं, कोलायटिससाठीच म्हणून विकलं जाणारं डीएसएस घ्या. संपूर्ण प्रयोगाला पुरेल इतकं एकाच लॉटचं घ्या, कारण लॉट बदलला की तीव्रता बदलते. सी५७बीएल/६ मध्ये साधारण २ ते ३ टक्के, पाच ते सात दिवस. नेमका आकडा दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नका. तुमचं पाणी, खाद्य, अ‍ॅनिमल हाउस निराळं आहे. तीन-चार उंदरांच्या लहान गटांवर २, २.५ आणि ३ टक्क्यांचा पायलट करा आणि वजन १० ते १५ टक्के घटेल पण मृत्यू होणार नाहीत अशी मात्रा निवडा.

२.५ टक्के म्हणजे एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम. एक उंदीर दिवसाला ३ ते ५ मिली पितो. पाच उंदीर, सात दिवस, म्हणजे १७५ मिली आणि वर थोडं सांडण्यासाठी. दर दोन-तीन दिवसांनी ताजं भरा. बाटलीच्या नळीचा मणी बोटाने हलवून पाहा. नळी अडकली की उंदीर तहानेने वजन गमावतो आणि ती घट आपण कोलायटिसच्या खात्यावर टाकतो.

बाटली रोज वजन करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि कोणीही टाळू नये. एम.फार्म.ला असताना मी कुड्याच्या सालीचा अर्क तपासत होते. कोकणात कुड्याच्या शेंगांची भाजी खातात आणि सालीचा काढा आमांशावर घरोघर दिला जायचा, त्यामुळे मनात खात्रीच होती. रोज नळीने पाजणं जड वाटलं म्हणून अर्क सरळ डीएसएसच्याच बाटलीत मिसळला. आठवड्याने अर्काच्या गटातले उंदीर टवटवीत, रक्ताचा टिपूसही नाही. आनंद दोन दिवस टिकला. मग बाटल्यांच्या नोंदी पाहिल्या: अर्काच्या गटाने जेमतेम निम्मं पाणी प्यालं होतं. कुड्याची साल कडूजहर. उंदरांनी बाटलीला तोंड लावणं कमी केलं, पोटात डीएसएस निम्मं गेलं, दाह झालाच नाही. सगळे उंदीर वाया गेले आणि ती माझी चूक होती. तेव्हापासून एक नियम पाळते: औषध पाण्यात नाही, नळीनेच, आणि पिण्याचा आकडा प्रत्येक गटासाठी तक्त्यात छापायचा. औषध डीएसएसला पोटातच बांधून निकामी करतं का, हेही तपासा. धन प्रभार असलेले बहुवारिक पदार्थ असं करू शकतात.

पायरी ५: औषध कधी सुरू करायचं

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे: डीएसएसच्या आधी किंवा त्याच दिवशी सुरू केलेलं औषध आजार रोखतं का हे सांगतं, बरा करतं का हे नाही. रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा त्याला महिनोन्‌महिने रक्त पडत असतं. टॅमरिनच्या प्रयोगाचं वजन यातच होतं.

म्हणून दोन भाग करा. पहिल्यात औषध दिवस ० पासून, प्राथमिक चाळणी म्हणून. त्यात तग धरलेल्या मात्रेला दुसऱ्या भागात चौथ्या किंवा पाचव्या दिवसापासून द्या, लेंडीत रक्त दिसू लागल्यावर. डीएसएस सातव्या दिवशी बंद करून साधं पाणी द्या आणि बारा-चौदा दिवसांपर्यंत पाहत राहा. पाणी बदललं तरी वजन लगेच सावरत नाही, आठव्या ते दहाव्या दिवशी ते तळाला जातं आणि मग उंदीर आपणहून सुधारू लागतो. त्यामुळे नुसत्या द्रावणाच्या गटापेक्षा औषधाचा गट किती लवकर सावरला, एवढाच निकाल धरायचा. दीर्घकालीन आजारासाठी डीएसएसचे तीन फेरे, मध्ये साध्या पाण्याचे दहा-चौदा दिवस.

पाजण्याचं प्रमाण १० मिली प्रति किलो, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला ०.२ मिली. न विरघळणारं औषध ०.५ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये कालवा आणि प्रत्येक उंदराआधी सिरिंज हलवा. टोकाला गोळी असलेली सुई तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून घ्या. अडथळा लागला तर ढकलू नका, बाहेर काढून पुन्हा घाला. डीएसएस सुरू होण्याआधी तीन-चार दिवस नुसतं द्रावण पाजून उंदरांना सवय लावली की पुढे ते कमी झगडतात. उचलताना शेपटीने लोंबकळवू नका. ओंजळीत किंवा नळकांड्यात घेऊन उचला, ताण बराच कमी होतो.

मात्रा ठरवताना माणसाशी नातं तपासा. उंदराची मिलिग्रॅम प्रति किलो मात्रा गुणिले ३ भागिले ३७, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागानुसार माणसाची मात्रा. ४०० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे माणसाला सुमारे ३२, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला रोज साधारण २ ग्रॅम. हे घेता येण्यासारखं आहे. दोन हजार मिलिग्रॅमची मात्रा लिहिणाऱ्याने हा गुणाकार करून पाहावा.

तुलनेसाठी सल्फासॅलॅझिन चालतं. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या दशकात ते रुग्णांत वापरलं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे दोन तुकडे करतात आणि त्यातला ५-एएसए काम करतो, हे १९७७ मध्ये सिद्ध झालं. म्हणून त्याच प्रयोगात उंदरांना प्रतिजैविक दिलं असेल तर सल्फासॅलॅझिन फुटणारच नाही आणि तुमचं औषध उगाच सरस ठरेल. अशा वेळी थेट ५-एएसए घ्या.

पायरी ६: रोजची नोंद

रोज एकाच वेळी, एकाच तराजूवर वजन. मग उंदराला रिकाम्या स्वच्छ डब्यात पाच मिनिटं ठेवा, तो लेंडी टाकतोच. निरोगी लेंडी गडद, कडक, तांदळाच्या दाण्याएवढी, चिमट्यात धरली तरी न मोडणारी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती फिकट होते आणि दाबली की पसरते. पुढे तिला आकारच राहत नाही. रक्त दिसत नसेल तर लपलेल्या रक्तासाठी ग्वायाक कार्डावर घासून पाहा.

आजार-निर्देशांक, डीएआय, या तिन्हींचा असतो. वजनघट: नाही तर ०, ५ टक्क्यांपर्यंत १, १० पर्यंत २, २० पर्यंत ३, त्यावर ४. लेंडी: नेहमीची ०, सैल २, जुलाब ४. रक्त: नाही ०, कार्डावर दिसलं २, डोळ्यांना दिसलं ४. बेरीज भागिले तीन. गुण देणाऱ्याला गट माहीत नसावा. औषध पाजणारा एक, गुण देणारा दुसरा, पिंजऱ्यांवर फक्त आकडे. दोनच जण असाल तर दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला विनंती करा. लेंडी ‘सैल’ की ‘नेहमीची’ हा निर्णय डोळ्यांचा असतो आणि डोळे आशेने पाहतात. त्याच लेंड्या गोठवून ठेवल्या तर पुढे लिपोकॅलिन-२ हे दाहात वाढणारं प्रथिन मोजता येतं. प्राणी न मारता दाहाचा चढउतार त्यातून दिसतो.

पायरी ७: शेवटचा दिवस

आदल्या संध्याकाळी नळ्यांवर नावं घाला, फॉर्मॅलिन ओतून ठेवा, बर्फ मागवा. उंदरांचा क्रम गटानुसार नको, चिठ्ठीनुसार हवा, नाहीतर पहिला गट सकाळचा आणि शेवटचा दमलेल्या हातांचा होतो.

पोट उघडल्यावर सीकमपासून (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीपासून) गुदद्वारापर्यंतचं आतडं चरबी अलगद सोडवत बाहेर काढा. ओढू नका. आतडं रबरासारखं ताणलं जातं आणि अर्धा सेंटिमीटर तुमच्या हाताने वाढतो. ओल्या फिल्टर पेपरवर पट्टीशेजारी सैल ठेवून मोजा. निरोगी प्रौढ उंदरात ते साधारण ७ ते ९ सेंटिमीटर भरतं, आत लेंड्या मण्यांसारख्या ओळीने दिसतात. दाह झालेलं आखूड, जाड असतं, बरेचदा ५-६ सेंटिमीटरचं, आणि आत लेंडीऐवजी लालसर पाणी. सगळी आतडी एका काळ्या कापडावर मांडून फोटो काढा.

मग थंड सलाइनने धुऊन, लांबीत चिरून, उभे दोन भाग करा. एक भाग शेपटीकडच्या टोकापासून गुंडाळून सुरळी करा आणि १० टक्के न्यूट्रल फॉर्मॅलिनमध्ये टाका. सुरळी केली की एकाच स्लाइडवर सगळं आतडं दिसतं. डीएसएसचे व्रण ठिकठिकाणी असतात आणि मधलाच एक तुकडा कापून घेतला तर नशिबाने निरोगी पट्टा हाती लागू शकतो. दुसऱ्या भागाचे तुकडे ठरलेल्या अंतरावर कापून द्रव नायट्रोजनमध्ये.

स्लाइडवर क्रिप्ट (अस्तरातल्या नळीसारख्या ग्रंथी) किती उरल्या, श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी किती, दाहपेशी कुठल्या थरापर्यंत उतरल्या, अस्तर किती टक्के लांबीत नाहीसं झालं, हे गट न जाणणाऱ्या दोघांनी स्वतंत्रपणे पाहावं. मायलोपेरॉक्सिडेज हे न्यूट्रोफिलांतलं एन्झाइम मोजलं तर न्यूट्रोफिलांचा अंदाज येतो. टीएनएफ, आयएल-६, आयएल-१बीटा हे दाहाचे संदेशरेणू एलायझाने (प्रतिपिंडांच्या चाचणीने) मोजा.

आरएनए काढणाऱ्यांसाठी एक खास सूचना, कारण इथे अनेकांचे आठवडे जातात. ऊतीत उरलेलं डीएसएस रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज आणि पॉलिमरेज दोन्ही एन्झाइमांना अडवतं. आरएनए शुद्ध दिसतो, गुणोत्तर छान येतं, पण क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) चालत नाही किंवा फसवा आकडा देतं, आणि ते फक्त डीएसएसच्या गटांत. लिथियम क्लोराइडने आरएनए पुन्हा अवक्षेपित करून धुतला, शक्यतो दोनदा, की अडचण सुटते. निरोगी गटाचा आरएनएसुद्धा तसाच धुवा.

पायरी ८: आकडे वाचणं

डीएआय आणि स्लाइडचे गुण हे क्रमवार गुण आहेत. त्यांना सरासरी-विचलनाच्या चौकटीत कोंबू नका, क्रुस्कल-वॉलिससारखी चाचणी लावा. वजन रोज त्याच उंदराचं मोजलेलं असतं, म्हणून पुनरावृत्त मोजमापांचं विश्लेषण हवं, रोजची वेगळी टी-टेस्ट नव्हे. पिंजरा हा घटक विश्लेषणात धरा. मेलेले किंवा आधी संपवावे लागलेले उंदीर तक्त्यातून गायब करू नका. सगळ्यात आजारी चार उंदीर सहाव्या दिवशी गेले, तर दहाव्या दिवशी उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते. कुठलं मोजमाप मुख्य, हे प्रयोगाआधी लिहून ठेवा. माझी पसंती स्लाइडला आहे.

याचं कारण मॉन्गर्सन या औषधाच्या कहाणीत आहे. एसएमएडी-७ या प्रथिनाला आवर घालणारी कल्पना उंदरांच्या कोलायटिसमध्ये चालली. २०१५ मध्ये क्रोन्सच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्याचे आकडे पाहून सगळे थक्क झाले. पण त्या चाचणीत रुग्णांना कसं वाटतं याचे गुण मोजले होते, एंडोस्कोपीने आतडं बरं झालं का हे मुख्य मोजमाप नव्हतं. २०१७ मध्ये तिसऱ्या टप्प्यातली चाचणी, उपयोग दिसत नाही म्हणून, मध्येच थांबवावी लागली. आपल्या उंदरांतही तेच: वजन आणि लेंडी सुधारली पण स्लाइडवर क्रिप्ट नाहीत, तर औषधाने कदाचित नुसते जुलाब थांबवले असतील. आतडी सुस्त करणारं कुठलंही औषध तेवढं करतं.

डीएसएसमध्ये, आजार जडल्यानंतर दिलेल्या मात्रेने, स्लाइडवर फरक दिसला तर तो प्रयोग महिन्याभराने नव्या उंदरांवर पुन्हा करा आणि मग टीएनबीएससारख्या दुसऱ्या मॉडेलकडे जा. लिहिताना अराइव्ह या, प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडायचे ते सांगणाऱ्या मार्गदर्शिकेची २०२० ची यादी समोर ठेवा: जात, लिंग, वय, पिंजऱ्यांची संख्या, डीएसएसचा लॉट, चिठ्ठ्या कशा टाकल्या, गट न जाणता कोण पाहत होतं, किती उंदीर गेले आणि कधी. औषध चाललं नाही तरी हे सगळं लिहून छापा, म्हणजे तोच अर्क दुसऱ्या गावातली विद्यार्थिनी आणखी चाळीस उंदरांवर तपासणार नाही. पॅराफिनचे ठोकळे फेकू नका. कोरड्या, थंड जागी ते वर्षानुवर्षं टिकतात. तुमच्यानंतर कोणाला नवा रंग, नवं प्रतिपिंड लावून पाहायचं असेल, तर ठोकळ्यावरचा पेन्सिलने लिहिलेला क्रमांक आणि तुमची वही एकाच कपाटात असायला हवी.